सिरॅमिकमधला अर्धा टक्का: सिंटरिंगसाठी घातलेला पदार्थ डायलेक्ट्रिकचं काय करतो

कपॅसिटरमध्ये, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या सुट्या भागात, दोन इलेक्ट्रोडांच्या मधे वीज वाहू न देणारा थर असतो. तोच डायलेक्ट्रिक, आणि तो पुष्कळदा सिरॅमिकचा असतो. त्या सिरॅमिकची कृती पाहिली तर बहुतांश भाग एकाच संयुगाचा असतो, बहुतेक वेळा बेरियम टायटनेटचा. उरलेल्या थोडक्या टक्क्यांत सिलिका, मँगनीज ऑक्साइड, लिथियम फ्लोराइड, बोरॉनची काच, तांब्याचा ऑक्साइड असलं काही तरी असतं. यांतले बरेच पदार्थ भाजणी सोपी व्हावी म्हणून घातलेले असतात. त्यांना सिंटरिंग ॲडिटिव्ह म्हणतात. पाठ्यपुस्तकात त्यांचा उल्लेख एका ओळीत उरकतो: यांच्यामुळे सिंटरिंगचं तापमान खाली येतं. ही ओळ खरी आहे, पण अपुरी आहे. भट्टी थंड झाली तरी हा पदार्थ त्या तुकड्यातच असतो. तो दाण्यांच्या, म्हणजे सिरॅमिक ज्यांचं बनतं त्या बारीक स्फटिकांच्या, मधे पातळ थर होऊन बसला, कोपऱ्यात गोळा झाला, स्फटिकाच्या आत शिरला की वाफ होऊन उडून गेला, यावर त्या सिरॅमिकची विद्युत धारणा (भार साठवण्याची क्षमता), विजेची गळती, तापमानाला होणारा बदल आणि आयुष्य ठरतं. किती घातलं याची चर्चा खूप होते. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न आहे तो कुठे बसलं याचा.

आधी सिंटरिंग म्हणजे काय ते पाहू. बारीक पावडर साच्यात दाबून वडी केली की तिच्यात साधारण ५५ टक्के घन पदार्थ असतो आणि बाकी हवा. ही वडी वितळू न देता तापवली की कणांमधले अणू हलू लागतात, कण एकमेकांना चिकटतात, मधल्या पोकळ्या आक्रसतात आणि वडी घट्ट होते. ५५ टक्क्यांवरून ९८ टक्के घनतेला पोचताना वडीची प्रत्येक बाजू साधारण साडेसतरा टक्क्यांनी आखडते. हे सगळं होतं ते पृष्ठभागाच्या ऊर्जेमुळे. बारीक पावडरीचा पृष्ठभाग अफाट असतो आणि तो कमी करण्याकडे निसर्गाचा कल असतो.

अडचण अशी की घन अवस्थेत अणू फार सावकाश सरकतात. शुद्ध बेरियम टायटनेट घट्ट व्हायला १३०० ते १३५० अंश सेल्सियस लागतात. ॲल्युमिनाला १६०० च्या आसपास किंवा त्याहून जास्त. इंधनाचा खर्च हा त्यातला लहान भाग. खरी अडवणूक धातू करतो. बहुस्तरीय कपॅसिटरमध्ये सिरॅमिकचे शेकडो पातळ थर आणि त्यांच्यामधले धातूचे इलेक्ट्रोड एकत्रच भट्टीत जातात. धातू वितळून चालत नाही. पॅलेडियम १५५५ अंशांना वितळतं, निकेल १४५५ ला, तांबं १०८५ ला आणि चांदी ९६२ ला. म्हणजे शुद्ध चांदीचा इलेक्ट्रोड हवा असेल तर सिरॅमिक ९०० अंशांच्या आसपास घट्ट झालंच पाहिजे. पॅलेडियम महाग, म्हणून त्याचं प्रमाण कमी करून चांदी वाढवायची किंवा सरळ निकेलकडे वळायचं, हा या उद्योगाचा कित्येक दशकांचा प्रवास आहे, आणि त्यातल्या प्रत्येक वळणावर ॲडिटिव्ह बदललेले दिसतात.

द्रव काय करतो

बहुतेक ॲडिटिव्ह काम करतात ते द्रव तयार करून. बोरॉन ऑक्साइड ४५० अंशांना वितळतो, व्हॅनेडियम पेंटॉक्साइड ६९० ला, बिस्मथ ऑक्साइड ८१७ ला, लिथियम फ्लोराइड ८४८ ला. काहींना स्वतः वितळायचीही गरज नसते. मुख्य पदार्थाशी मिळून ते दोघांच्याही वितळणबिंदूच्या खाली द्रव बनवतात. बेरियम टायटनेट एकटं १६०० अंशांच्या वर वितळतं, पण त्यात टायटानिया थोडा जास्त पडला की १३२० च्या आसपास द्रव दिसू लागतो. सोबत सिलिका असेल तर हे तापमान १२५० च्या जवळ येतं.

हा द्रव कणांना भिजवतो. ओल्या वाळूचे कण पाण्यामुळे जसे एकमेकांकडे ओढले जातात, तसेच हे कण ओढले जातात आणि सरकून जास्त दाटीने बसतात. एवढ्यानेच बरीच पोकळी कमी होते. त्यानंतर लहान कण द्रवात विरघळतात आणि तोच पदार्थ मोठ्या कणांवर पुन्हा साचतो. द्रवातून अणू घन पदार्थातल्यापेक्षा कितीतरी पट वेगाने जातात, म्हणून हे सगळं कमी तापमानात उरकतं. शेवटी उरलेल्या छिद्रांना बुजवण्याचं संथ काम होतं आणि सोबत दाणे वाढत राहतात.

दोन अटी मात्र आहेत. द्रवाने घन पदार्थाला नीट भिजवलं पाहिजे, आणि घन पदार्थ त्यात थोडा तरी विरघळला पाहिजे. भिजवलंच नाही तर द्रव छिद्रांत थेंबासारखा पडून राहतो. विरघळलंच नाही तर कण जवळ येतात, पण त्यांचा आकार एकमेकांत चपखल बसत नाही आणि घनता ठरावीक टप्प्यावर अडकते. म्हणून केवळ वितळणबिंदू कमी आहे एवढ्यावरून ॲडिटिव्ह निवडलं तर हमखास फसायला होतं.

एक नॅनोमीटरचा हिशेब

आता मूळ मुद्दा. भट्टी थंड होताना हा द्रव काचेसारखा गोठतो. बऱ्याच सिरॅमिकमध्ये तो दाण्यांच्या सीमेवर एखाद-दोन नॅनोमीटर जाडीचा थर म्हणून उरतो. एवढ्याशा थराने काय होणार, असं वाटेल. एक साधा हिशेब करून पाहू.

समजा, दाण्यांचा परावैद्युतांक, म्हणजे डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट (तो जितका मोठा तितकी धारणा जास्त), ३००० आहे आणि मधल्या काचेचा ५. काचेचा थर १ नॅनोमीटर धरू. विद्युत क्षेत्राच्या दिशेने पाहिलं तर दाणा आणि काच हे एकामागे एक जोडलेले कपॅसिटर आहेत, म्हणून त्यांच्या परावैद्युतांकाचे व्यस्त, जाडीच्या प्रमाणात, बेरजेत येतात. दाणा १० मायक्रॉनचा असेल तर काचेचा वाटा दहा हजारात एक आणि एकूण परावैद्युतांक साधारण २८३०. फारसं नुकसान नाही. दाणा १ मायक्रॉनचा असेल तर काचेचा वाटा हजारात एक आणि आकडा १८८० च्या आसपास. दाणा १०० नॅनोमीटरचा असेल तर काच शंभरात एक, आणि आकडा घसरून ४३० वर येतो. पदार्थ तोच, थराची जाडीही तीच. फक्त दाणा बारीक झाला आणि धारणेच्या सात भागांतले सहा गेले, एकच उरला.

हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्येक सीमेवर काच असतेच असं नाही, आणि शिवाय फार बारीक दाण्यांचा बेरियम टायटनेट स्वतःही कमी परावैद्युतांक दाखवतो. १९८५ साली आर्ल्ट, हेनिंग्स आणि डी विथ यांनी दाखवलं होतं की दाणा १ मायक्रॉनच्या जवळपास आणला की बेरियम टायटनेटचा परावैद्युतांक सर्वांत वर, ५००० च्या घरात जातो, आणि त्याहून बारीक केल्यास उतरतो. तरीही दिशा या हिशेबातून स्पष्ट होते. आजच्या कपॅसिटरमध्ये सिरॅमिकचा एक अख्खा थर मायक्रॉनपेक्षा पातळ असतो आणि त्यात मोजकेच दाणे बसतात. अशा ठिकाणी काच किती टक्के घातली याला अर्थ राहतोच, पण ती सीमेवर पसरली की नाही हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

याच्या उलट चित्र पाहा. तीच एक टक्का काच थर न होता दाण्यांच्या कोपऱ्यांत सुट्या थेंबांसारखी गोळा झाली तर परावैद्युतांक फक्त दीड टक्क्याने कमी होतो. ३००० चे २९५५. छिद्रांचंही तसंच आहे. एक टक्का सुटी छिद्रं धारणेचं फार बिघडवत नाहीत. त्यामुळे ज्याने तीन-चार टक्के छिद्रं घालवण्यासाठी काच घातली आणि ती काच सीमेवर पसरली, त्याने लहान दोष काढून मोठा दोष आत घेतला. घनता वाढली, धारणा पडली, असे निकाल पुष्कळ प्रयोगांत दिसतात आणि त्याचं एक मोठं कारण हे आहे.

धारणेपेक्षा गंभीर गोष्ट पुढे आहे. बदलत्या व्होल्टेजखाली कमी परावैद्युतांकाच्या थरावर क्षेत्र जास्त पडतं. ३००० आणि ५ यांचं गुणोत्तर ६००, म्हणजे काचेतलं क्षेत्र दाण्यातल्या क्षेत्राच्या ६०० पट. व्होल्टेजखाली सिरॅमिकचा रोध मोडायची सुरुवात कुठून होणार, ते यातून कळतं. काचेत सोडियमसारखे हलके, चपळ आयन असतील तर गळतीही तिथूनच सुरू होते. म्हणून अल्कली असलेली काच वितळायला कितीही सोयीची असली तरी चांगल्या डायलेक्ट्रिकसाठी ती मी निवडणार नाही.

आत शिरणारे

सगळे ॲडिटिव्ह सीमेवर थांबत नाहीत. ज्यांच्या आयनांचा आकार जुळतो ते स्फटिकाच्या जाळीत शिरतात, आणि मग सिरॅमिकचा स्वभावच बदलतो.

लिथियम फ्लोराइड हे याचं ठळक उदाहरण आहे. ते बेरियम टायटनेटमध्ये घातलं की सिंटरिंग १००० अंशांच्या खाली येऊ शकतं. पण लिथियम टायटॅनियमच्या जागी बसतं आणि फ्लोरिन ऑक्सिजनच्या. बेरियम टायटनेटचा क्युरी बिंदू, म्हणजे परावैद्युतांकाचं शिखर जिथे येतं ते तापमान, मुळात १२० ते १३० अंशांच्या दरम्यान असतं. लिथियम फ्लोराइडमुळे ते खाली, खोलीच्या तापमानाकडे सरकतं. नेहमीच्या तापमानाला मोजला तर परावैद्युतांक छान वाढलेला दिसतो. पाहणारा खूश होतो, पण ते शिखर आहे. तापमान थोडं हललं की आकडा उतरतो. एकाच तापमानाला मोजलेला परावैद्युतांक वाचून ॲडिटिव्हची पारख करू नये, ते याचसाठी. तापमानाचा पूर्ण आलेख मागावा.

मँगनीजची गोष्ट वेगळी आहे. इलेक्ट्रोड निकेलचे असतील तर भाजणी हवेत करता येत नाही, कारण निकेल गंजतं. म्हणून भट्टीत ऑक्सिजन अगदी कमी ठेवतात. पण अशा वातावरणात बेरियम टायटनेट स्वतःचा ऑक्सिजन सोडू लागतो. जाळीतून एक ऑक्सिजन गेला की मागे दोन मोकळे इलेक्ट्रॉन राहतात, आणि डायलेक्ट्रिकचा अर्धवाहक होतो. मँगनीज किंवा मॅग्नेशियम टायटॅनियमच्या जागी बसलं की त्यांचा विद्युतभार टायटॅनियमपेक्षा कमी असल्यामुळे जाळीत ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा आधीच तयार असतात आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांना वाव उरत नाही. सिरॅमिक विद्युतरोधक राहतं. पण त्याच रिकाम्या जागा सततच्या व्होल्टेजखाली हळूहळू ऋण इलेक्ट्रोडकडे सरकतात आणि काही काळाने कपॅसिटरचा रोध घसरतो. त्यावर उतारा म्हणून डिस्प्रोसियम, होल्मियम, यिट्रियम असे दुर्मीळ मृदा धातू घालतात. एकाची बाजू सावरायला दुसरा, दुसऱ्याची सावरायला तिसरा, असं करत आजची कृती घडली आहे.

आणि या सगळ्यांना एकत्र भाजून काढायला थोडी बेरियम-कॅल्शियम सिलिकेटची काच लागते. इथे मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट दिसते. चांगल्या कपॅसिटरचा दाणा आतून-बाहेरून सारखा नसतो. गाभा शुद्ध बेरियम टायटनेटचा, आणि त्याभोवती मॅग्नेशियम व दुर्मीळ मृदा मुरलेलं कवच. गाभ्याचं शिखर एका तापमानाला, कवचाचं दुसऱ्या. दोन्ही मिळून आलेख सपाट होतो. एक्स-७-आर नावाचा प्रचलित प्रकार उणे ५५ ते १२५ अंशांत धारणेचा बदल अधिक-उणे १५ टक्क्यांत ठेवतो, तो बहुतांशी या रचनेच्या जोरावर. हे कवच काही प्रमाणात द्रवामुळेच तयार होतं, कारण विरघळलेला पदार्थ गाभ्यावर साचताना सोबतचे आयन घेऊन बसतो. पण द्रव जास्त झाला किंवा भट्टीत वेळ जास्त गेला की विरघळणं थांबत नाही, गाभाच संपतो, आणि दाणा एकजिनसी होतो. मग घनता उत्तम, पण तापमानाची स्थिरता गेली.

मायक्रोवेव्हसाठी निकष बदलतात

मोबाइल टॉवरच्या फिल्टरमध्ये वापरायच्या सिरॅमिकमध्ये सर्वाधिक भीती असते ती ऱ्हासाची, म्हणजे सिग्नलची ऊर्जा उष्णतेत जाण्याची. इथे क्यू या आकड्याने गुणवत्ता मोजतात. क्यू जितका मोठा तितका ऱ्हास कमी. काच इथे जवळपास नेहमीच नुकसान करते, कारण तिच्या विस्कळीत रचनेत ऊर्जा शोषायला पुष्कळ जागा असते. तरी छिद्रं आणि त्यांतली ओल त्याहून वाईट, म्हणून अगदी थोडं ॲडिटिव्ह फायद्याचं ठरतं. झिर्कोनियम-टिन टायटनेट, ज्याचा परावैद्युतांक ३८ च्या आसपास असतो, त्यात झिंक ऑक्साइड घातल्याशिवाय ते सहजी घट्टच होत नाही. बेरियम मॅग्नेशियम टँटलेट १६०० अंशांच्या वरही हट्टी असतं. नोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये त्यात थोडं मँगनीज घालून १०.५ गिगाहर्ट्झला १६,८०० इतका क्यू मिळवला. बिस्मथ नायोबेटमध्ये व्हॅनेडियम पेंटॉक्साइड किंवा तांब्याचा ऑक्साइड अर्धा टक्काभर घातला की ते ९०० अंशांच्या आसपास घट्ट होतं, म्हणजे चांदीच्या टप्प्यात येतं. पण बिस्मथ इलेक्ट्रोडच्या धातूशी, विशेषतः पॅलेडियमशी, रासायनिक क्रिया करतं. सिरॅमिक एकटं भाजून मिळालेले आकडे इलेक्ट्रोडसह टिकतील असं गृहीत धरता येत नाही.

साफसफाई करणारे

काही ॲडिटिव्ह मुख्य पदार्थाला आणखी शुद्ध करतात, आणि त्यांचं कौतुक फार कमी होतं. ॲल्युमिनियम नायट्राइड विद्युत रोधतं आणि उष्णता भरपूर वाहून नेतं, म्हणून पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या पायाभूत पट्ट्यांसाठी वापरतात. त्याच्या पावडरीच्या कणांवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो. तो ऑक्सिजन जाळीत शिरला की उष्णतेच्या वाटेत अडथळे तयार होतात. यिट्रियम ऑक्साइड घातला की १८०० अंशांच्या भाजणीत तो या पापुद्र्याशी संयोग पावून द्रव बनवतो, सिंटरिंग घडवतो, आणि ऑक्सिजनला घेऊन कोपऱ्यांत जाऊन बसतो. दाणे स्वच्छ राहतात. यामुळेच १७० ते २०० वॉट प्रति मीटर-केल्विन इतकी उष्णतावाहकता बाजारातल्या मालात मिळते. परिपूर्ण स्फटिकाची सैद्धांतिक मर्यादा ३२० च्या जवळ आहे.

ॲल्युमिनात मॅग्नेशियम ऑक्साइड घालतात तेव्हा द्रवाची गरजच पडत नाही. जनरल इलेक्ट्रिकमधल्या रॉबर्ट कोबल यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवलं की एक टक्क्याहून बऱ्याच कमी मॅग्नेशियामुळे दाण्यांच्या सीमा आवरलेल्या वेगाने सरकतात. सीमा धावली तर छिद्र मागे, दाण्याच्या पोटात अडकतं आणि पुढे ते कधीच निघत नाही. सीमा छिद्रासोबत राहिली तर छिद्र बुजतं. त्या शोधातून प्रकाश आरपार जाऊ देणारा ॲल्युमिना आला आणि सोडियमच्या दिव्यांच्या नळ्या त्याच्या झाल्या.

कृतीत न लिहिलेल्या गोष्टी

बोरॉन ऑक्साइड स्वस्त आणि गुणी, पण पाण्यात तो बोरिक ॲसिड होतो, आणि बाइंडर, म्हणजे पावडर बांधून ठेवणारा पदार्थ, म्हणून पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असेल तर बोरेट त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतो. पातळ, ओतता येईल असं मिश्रण बघता बघता जेलीसारखं होतं आणि त्याची पट्टी ओढता येत नाही. म्हणून बोरॉन सुटा न घालता आधी काचेत वितळवून, तिची पूड करून घालणं बरं.

लिथियम आणि फ्लोरिन भट्टीत उडतात. झाकलेल्या आणि उघड्या भांड्यात भाजलेल्या वड्यांची घडण एकाच चूर्णातून वेगवेगळी निघते. पृष्ठभाग आणि गाभा यांतही फरक पडतो. वड्या पुरेशा जाड असतील तर मधून कापून दोन्हीकडे मोजल्याशिवाय निकालावर विसंबू नये. अर्धा टक्का पावडर शंभर टक्क्यांत सारखी मिसळणंही वाटतं तितकं सोपं नाही. ॲडिटिव्हचा खडा राहिला की तो वितळून तिथे छिद्र सोडतो आणि भोवतीचे दाणे बेसुमार वाढतात. शक्य असेल तिथे त्याचं द्रावण करून कणांवर लेप द्यावा.

प्रमाणाबद्दल एवढंच की ॲडिटिव्ह वाढवत नेलं की घनता आधी चढते, मग थांबते, आणि मग उतरते. जास्त द्रवाने वडी बसते, आकार सुटतो, वायू आत कोंडतो. परावैद्युतांक किंवा क्यू यांचं शिखर घनतेच्या शिखराआधीच येऊन गेलेलं असू शकतं. घनता पाहून प्रमाण ठरवणाऱ्याला ते दिसत नाही.

अलीकडे पाण्यालाच ॲडिटिव्ह करण्याची वाट निघाली आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत क्लाइव्ह रँडल यांच्या गटाने २०१६ मध्ये कोल्ड सिंटरिंग पुढे आणलं: पावडर किंचित ओलसर करून, भरपूर दाबाखाली, ३०० अंशांच्या आत घट्ट करायची. काम झाल्यावर पाणी वाफ होऊन निघून जातं, मागे काच उरत नाही. बेरियम टायटनेट या पद्धतीने १८० अंशांना दाबून घट्ट केलं गेलं. पण पाणी बेरियमला टायटॅनियमपेक्षा लवकर विरघळवतं, त्यामुळे दाण्यांच्या सीमेवर पुन्हा एक आकारहीन थर राहिला, आणि चांगला परावैद्युतांक मिळवायला तो तुकडा नंतर ९०० अंशांवर तापवावा लागला.